कसाव्याचा कंद : नीट शिजवाल तर अन्न

एकादशी आली, शिवरात्र आली, की घरोघर साबुदाणा भिजत पडतो. कोणी खिचडी करते, कोणी वडे तळते, कोणी खीर करते. पण वाचकहो, हा साबुदाणा कशापासून होतो, असे विचारले तर पुष्कळजण घोटाळ्यात पडतात. कोणी म्हणते, "ते एक धान्य आहे." कोणी म्हणते, "झाडाला दाणे लागतात." दोन्ही खरे नाही.

पूर्वेकडच्या बेटांत सागू नावाचे ताडासारखे झाड आहे. त्याच्या खोडातल्या गरापासून जुना साबुदाणा होत असे. आपल्या दुकानात येणारा साबुदाणा त्या झाडाचा नव्हे. तो एका कंदापासून होतो. त्या कंदाचे नाव कसावा. त्याला टॅपिओका असेही म्हणतात. केरळात त्याला कप्पा म्हणतात, तमिळनाडूत मरवळ्ळी म्हणतात.

हा कंद कोट्यवधी माणसांना जगवतो. पण त्याच्या पोटात विषही आहे. रीत पाळून शिजवला तर तो अन्न होतो. घाई केली तर तोच घात करतो. ही रीत काय आहे, आणि ती तशीच का आहे, ते आज पाहू.

हा कंद आला कोठून?

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. ब्राझील देशातल्या अरण्यात राहणारे लोक तो हजारो वर्षे लावीत आले आहेत. पोर्तुगीज दर्यावर्दी तिकडे गेले. सोळाव्या शतकात त्यांनी तो आफ्रिकेत नेला. पुढे तो आपल्या मलबार किनाऱ्यावर आला. गंमत पाहा. शेंगदाणा, मिरची, बटाटा ही सगळी मंडळीही अमेरिकेचीच. म्हणजे आपल्या उपासाच्या खिचडीतले निम्म्याहून अधिक जिन्नस समुद्रापलीकडून आलेले आहेत!

कसाव्याचे झाड पुरुषभर किंवा त्याहून थोडे उंच वाढते. पान उघड्या पंजासारखे असते. बी पेरावे लागत नाही. खोडाचे वीतभर तुकडे जमिनीत खोचले की झाले. आठ-दहा महिन्यांत बुडाशी कंदांचा घोस तयार होतो. एकेक कंद हातभर लांब होतो. वर तपकिरी साल, आत पांढरा गर. जमीन हलकी असो, पाऊस कमी असो, कसावा तग धरतो. म्हणून त्याला गरिबाचे पीक म्हणतात.

आपल्या देशात त्याला मान मिळाला तो त्रावणकोर संस्थानात. तिथे 1880 ते 1885 या काळात विशाखम तिरुनाळ नावाचे महाराज होते. त्यांना झाडाझुडपांचा नाद होता. लोकांना भाताखेरीज दुसरे पोटभरीचे अन्न मिळावे म्हणून त्यांनी कसाव्याची लागवड वाढवली. लोक आधी भ्यायले, कंद विषारी आहे असे म्हणू लागले. तेव्हा महाराजांनी तो नीट शिजवून स्वतः खाऊन दाखवला, अशी आठवण सांगतात.

त्याचे फळ पुढे साठ वर्षांनी मिळाले. 1942 साली महायुद्धात जपानने ब्रह्मदेश घेतला. तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. त्रावणकोरात भाताची ओढ लागली. त्या दिवसांत गोरगरिबांना कप्प्याने तारले. आजही केरळात कप्पा आणि माशाची आमटी हे आवडीचे जेवण आहे. आपल्याकडे मुंबईत मलयाळी वस्तीच्या बाजारांत हा कंद विकायला येतो.

त्यात पोषण किती?

आता हिशेब पाहू. कच्चा कंद 100 ग्रॅम घेतला तर त्यात सुमारे 60 ग्रॅम पाणी असते. सुमारे 38 ग्रॅम पिष्ट असते. पिष्ट म्हणजे खळ. त्यापासून अंगाला कामाची ताकद मिळते. 100 ग्रॅम कंदात सुमारे 160 उष्मांक असतात. इतक्याच बटाट्यात त्याच्या निम्मे असतात. म्हणजे पोट भरायला आणि राबायला कसावा चांगला.

पण अंग नुसत्या ताकदीवर वाढत नाही. हाडामांसाची घडण प्रथिनांवर होते. ती डाळीत, दुधात, माशांत, अंड्यांत असतात. 100 ग्रॅम कसाव्यात प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम. लोहही अगदी थोडे. क जीवनसत्त्व सुमारे 20 मिलिग्रॅम असते, पण उकळताना त्यातले बरेचसे जाते.

म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा. कसावा पोट भरतो, पण अंग भरत नाही. त्याच्या जोडीला डाळ, मासळी, अंडे, दूध किंवा शेंगदाणे हवेतच. केरळातल्या आयाबाया कप्प्याबरोबर मासळी वाढतात ती केवळ चवीसाठी, असे समजू नका. त्यात मोठे शहाणपण आहे. ते कसे, ते पुढे येईलच.

विष कोठे लपते?

आपल्या शेतकऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. कोवळ्या ज्वारीत गुरू शिरले आणि ताटे खाल्ली, तर ते फुगते, तडफडते आणि मरते. पाऊस ओढलेला असला तर हा धोका जास्त. असे का होते? कोवळ्या ज्वारीत सायनाइड नावाच्या विषाचा साठा असतो म्हणून. कडू बदामातही तेच विष. आणि कसाव्यातही तेच.

झाड हे विष का करते? स्वतःला राखण्यासाठी. किडा, उंदीर, डुक्कर यांनी तोंड लावू नये म्हणून. झाडाची युक्ती मोठी हुशारीची आहे. ते तयार विष अंगात ठेवीत नाही. दोन वस्तू दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवते. एका कप्प्यात लिनामारिन नावाचा पदार्थ. दुसऱ्या कप्प्यात त्याला फोडणारे विकर. आगपेटीतली काडी आणि पेटीची कड जोवर एकमेकींना घासत नाहीत, तोवर जाळ होत नाही. तसेच हे. कंद चावला, किसला, ठेचला, की कप्पे फुटतात. दोन्ही वस्तू एकत्र येतात आणि विष मोकळे होते.

आता या विषाचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे. ते पाण्यात विरघळते. आणि थोड्याशा उबेनेही वाफ होऊन उडून जाते. म्हणून कसावा निर्धोक करण्याची सगळी विद्या तीन शब्दांत सांगता येते : फोडा, धुवा, उडवा. कंदाचे कप्पे फोडायचे, पाण्याने विष धुवायचे, आणि उरलेले हवेत उडू द्यायचे.

गोडा आणि कडू

कसाव्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. गोड्या कसाव्याच्या एक किलो ताज्या गरात 50 मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड निघते. कडू जातीत ते 100 च्या वर असते. काही कंदांत 400 च्याही पुढे जाते. कडू जातीत पिष्ट भरपूर, म्हणून ती कारखान्यांसाठी लावतात. गोडी जात घरी खाण्यासाठी असते.

"मग चाखून पाहू, कडू लागला तर टाकू," असे कोणी म्हणेल. नाही, तसे करू नका. कडूपणा ही धोक्याची खूण आहे खरी. पण कडू नाही म्हणजे विष नाही, असे मात्र नव्हे. शिवाय दुष्काळात गोड्या झाडातही विष वाढते. अळू किंवा सुरण कच्चे राहिले तर घसा खाजतो आणि लगेच कळते. कसावा तसा बोलत नाही. म्हणून कोणताही कसावा कच्चा खाऊ नये, चाखायलासुद्धा नाही.

थोडा हिशेब करा. वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते साडेतीन मिलिग्रॅम सायनाइड माणसाचा जीव घेऊ शकते. बारा किलोच्या मुलाला सहा मिलिग्रॅमही घातक ठरू शकते. आणि कडू कंदाच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्यात दहा ते चाळीस मिलिग्रॅमचा साठा असतो. म्हणून पोरांच्या हाती कच्चा कंद कधी लागू देऊ नये.

घाईने काय होते?

आफ्रिकेत मोझांबिक नावाचा देश आहे. तिथल्या नांपुला प्रांतात 1981 साली मोठा दुष्काळ पडला. मका गेला, भुईमूग गेला. शेतात उरला फक्त कडू कसावा. एरवी तिथल्या बायका कंद सोलून कित्येक आठवडे वाळवीत, मग पीठ करीत. पण घरात पोरे भुकेने रडत होती. आई किती दिवस वाट पाहणार? वाळवण्याचे दिवस कमी झाले. जोडीला ना डाळ, ना मासळी.

मग एक विचित्र रोग आला. काल धावणारे मूल आज उठेना. पाय ताठ झाले, गुडघे एकमेकांना घासू लागले. कोणी काठी घेऊन टाचा उचलून चालू लागले, कोणी सरपटू लागले. अकराशेहून जास्त माणसे अशी पांगळी झाली. त्यांत बहुतेक मुले आणि बायका. ज्युली क्लिफ, हान्स रोसलिंग इत्यादी डॉक्टरांनी गावोगाव हिंडून शोध घेतला. हा रोग साथीचा नव्हे, नीट न केलेल्या कसाव्याचा आहे, असे दिसून आले. काँगो देशात हाच रोग 1938 साली नोंदला गेला होता. तिथे त्याला कोंझो म्हणतात. कोंझो म्हणजे बांधलेले पाय. या रोगाला उतारा नाही. गेलेली चाल परत येत नाही.

आता मासळीचे कोडे सोडवू. आपल्या अंगात थोडे सायनाइड गेले तर अंग स्वतःच त्याला निकामी करते आणि लघवीवाटे बाहेर टाकते. पण त्यासाठी गंधक लागते. ते गंधक येते चांगल्या प्रथिनांतून. ज्याच्या ताटात डाळ, मासळी, अंडे आहे, त्याचे अंग विषाशी झुंजू शकते. ज्याच्या ताटात नुसता कसावा आहे, त्याच्या हातात हत्यारच नाही. म्हणून कोंझो श्रीमंताला होत नाही. तो गरिबीचा रोग आहे.

आणखी एक गोष्ट. विष निकामी होताना जो पदार्थ बनतो, तो अंगातल्या आयोडीनच्या आड येतो. त्यामुळे रोज कसावा खाणाऱ्याला, मिठात आयोडीन नसेल तर, गलगंड होऊ शकतो. म्हणून मीठ आयोडीनचेच घ्यावे.

एकदम जास्त विष पोटात गेले तर तासाभरात किंवा काही तासांत त्रास सुरू होतो. पोट दुखते, उलट्या होतात, डोके दुखते, चक्कर येते, श्वास लागतो, शुद्ध हरपते. युगांडा देशात 2017 च्या सप्टेंबरात कसाव्याचे पीठ खाऊन 98 माणसे आजारी पडली. त्यांतली दोन दगावली. त्यांतले काहीजण एका मयतीनंतरच्या जेवणाला बसले होते. अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपाय करीत बसू नका. रोग्याला तडक इस्पितळात न्या आणि काय खाल्ले ते डॉक्टरला सांगा.

घरी कसा शिजवावा?

ही रीत गोड्या कसाव्याची आहे.

पहिली गोष्ट, कंद ताजा घ्यावा. काढल्यापासून दोन-तीन दिवसांत तो खराब होऊ लागतो. मोडून पाहावा. आत निळ्या-काळ्या रेघा दिसल्या तर घेऊ नये.

दुसरी गोष्ट, दोन्ही साली काढाव्या. वरची तपकिरी साल पातळ असते. तिच्याखाली दुसरी जाड साल असते, पांढरी किंवा गुलाबीसर. सुरीने उभी चीर दिली की ती सोलून निघते. गोड्या कंदाचे पुष्कळ विष या सालीतच असते. आळसाने ती ठेवू नये. मधला दोरीसारखा धागाही काढून टाकावा.

तिसरी गोष्ट, लहान तुकडे करावे. धुऊन भरपूर पाण्यात काही वेळ बुडवून ठेवावे आणि ते पाणी टाकून द्यावे.

चौथी गोष्ट, मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन उकळावे. झाकण ठेवू नये, म्हणजे विष वाफेबरोबर जाईल. बोटाने दाबताच चुरा होईल इतका मऊ शिजवावा.

पाचवी गोष्ट, उकळलेले पाणी ओतून टाकावे. आमटीत घालू नये, पिठात घालू नये, गुरालाही पाजू नये. मग तुकड्यांना ओले खोबरे, हिरवी मिरची, जिरे, हळद वाटून लावावी आणि एक वाफ आणावी. शेजारी डाळ किंवा मासळी घ्यावी.

कोणी विचारील, "अखंड कंद उकळला तर काय बिघडले? तोही शिजतोच की!" बिघडते ते असे. अखंड कंदाचे कप्पे फुटलेले नसतात. उकळत्या पाण्याने विकर मरते, पण लिनामारिन तसेच गरात राहते. पाण्याला ते बाहेर काढायला वाव मिळत नाही. लहान तुकड्यांतून ते पाण्यात उतरते. याच कारणाने चुलीतल्या विस्तवात अखंड कंद भाजून खाणेही बरे नव्हे.

कडू कसाव्याला मात्र नुसते उकळणे पुरत नाही. तो आपण घरी खाण्याच्या भानगडीत पडू नये. कंद कोणत्या जातीचा आहे हे विकणाऱ्याला विचारून घ्यावे.

इतर देशांची हुशारी

ज्यांना कडू कसाव्यावरच जगायचे आहे, त्या लोकांनी फार पूर्वीच उपाय शोधले. रसायनशास्त्र त्यांनी शिकले नव्हते. अनुभव हाच त्यांचा गुरू.

ब्राझीलच्या अरण्यातले लोक कंद किसतात. तो कीस वेताच्या लांब विणलेल्या नळीत भरतात. नळी ताणली की कीस पिळला जातो आणि विषारी रस गळतो. मग कीस तव्यावर भाजतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बायका कीस पोत्यात भरून त्यावर दगड ठेवतात. दोन-चार दिवस तो आंबतो आणि निथळतो. मग चाळून कढईत भाजतात. त्याला गारी म्हणतात. पाहा, दोन्हीकडे तेच : फोडा, धुवा, उडवा.

ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी पिठासाठी आणखी सोपी युक्ती काढली. कसाव्याचे पीठ पाण्याने ओले करायचे. परातीत किंवा चटईवर बोटभर रुंदीपेक्षाही कमी जाडीचा थर पसरायचा. दोन तास उन्हात किंवा पाच तास सावलीत ठेवायचा. विष उडून जाते. त्याच दिवशी ते पीठ शिजवायचे. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. काँगोतल्या पोपोकाबाका भागात 2010 नंतर ही युक्ती बायकांना शिकवली गेली. ज्या गावांनी ती रोज पाळली, तिथे कोंझोचे नवे रोगी दिसेनासे झाले. एवढी ताकद एका लहानशा माहितीत असते.

मग साबुदाण्याचे काय?

आता तुम्ही घाबरून विचाराल, "अहो, मग आमची खिचडी?" घाबरू नका. साबुदाणा खुशाल खा.

तमिळनाडूत सेलम जिल्हा आहे. महायुद्धाच्या काळात तिथे साबुदाण्याचा धंदा सुरू झाला. आज आपल्याकडे येणारा बहुतेक साबुदाणा त्याच मुलखातून येतो. कारखान्यात कंद धुतात, सोलतात, किसतात. कीस पाण्याने धुऊन गाळतात. दुधासारखे पाणी टाकीत कित्येक तास निवू देतात. पिष्ट तळाशी बसते. वरचे पाणी काढून टाकतात. ओल्या पिष्टाचे दाणे वळतात, ते तव्यावर भाजतात, उन्हात वाळवतात. इतके फोडल्या-धुतल्यावर विष उरत नाही.

पण विषाबरोबर बाकीचेही बरेच वाहून जाते. साबुदाण्यात उरते ते जवळजवळ निव्वळ पिष्ट. 100 ग्रॅम साबुदाण्यात सुमारे 350 उष्मांक असतात, पण प्रथिने अर्धा ग्रॅमसुद्धा नसतात. म्हणून तान्ह्याला किंवा आजाऱ्याला दिवसचे दिवस नुसती साबुदाण्याची पेज देणे हिताचे नाही. "हलके अन्न आहे, बाळाला मानवेल," असे आजी म्हणते. मानवते खरे, पण त्यावर बाळ वाढत नाही. सहा महिन्यांनंतर बाळाला मऊ भात-वरण, शिजवून कुस्करलेली भाजी, दूध, अंडे असे द्यावे. खीर कधीमधी.

खिचडीत शेंगदाण्याचे कूट घालण्याची आपली चाल मात्र उत्तम. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणून कूट घालताना हात आखडू नका. बरोबर दही किंवा ताक घ्या.

गुराढोरांची काळजी

ज्याच्या बांधाला कसावा आहे त्याने हे विसरू नये. त्याची हिरवी पाने आणि ताज्या साली शेळ्या-गुरांना बाधतात. सोललेल्या साली अंगणात टाकू नका. लांब खड्ड्यात पुरा. शेळी उघड्या शेतात सोडू नका. जनावर धापा टाकू लागले तर लगेच गुरांच्या डॉक्टरला बोलवा.

लक्षात ठेवा

कसावा कच्चा खाऊ नये. दोन्ही साली काढाव्या. लहान तुकडे करावे. भिजवून ते पाणी टाकावे. उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवून तेही पाणी टाकावे. जोडीला डाळ किंवा मासळी असावी. मीठ आयोडीनचे असावे.

हे तुम्ही आज वाचले. घरी जाऊन वाचता न येणाऱ्या एका तरी माणसाला सांगा. मोझांबिकातल्या त्या आयांना रीत ठाऊक होती. पण भुकेने त्यांना ती पाळू दिली नाही. आपल्याला रीतही कळली आहे आणि वेळही आहे. मग घाई कशाला?

विचार करा आणि सांगा

1. कसावा किसल्यावर विष मोकळे का होते?
2. उकळलेले पाणी का टाकावे?
3. कप्प्याबरोबर मासळी खाण्यात कोणते शहाणपण आहे?
4. नुसत्या साबुदाण्याच्या पेजेवर बाळ का वाढत नाही?